ग्लासात नुसता फेस येतो, तेव्हा दोष कुठे शोधायचा

विचारलंय ते थोडक्यात असं. बेळगावात वडगावला घरी १९० लिटरचा जुना एकदारी फ्रिज आहे. आत बिअरचा १९ लिटरचा बॉल लॉक केग (दाबून जोड बसवायचं स्टीलचं पिंप), दारातून बाहेर काढलेला नळ, आणि केगपासून नळापर्यंत दीड मीटर पारदर्शक नळी, आतला व्यास ६ मिलिमीटर. गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर अर्ध्या किलो दाबावर होता. फेस येतो म्हणून तो ०.३ वर आणला. तरी पाऊण ग्लास फेसच, आणि फेस बसल्यावर खाली उरते ती बिअर मिळमिळीत. रेग्युलेटर बदलायचा की नळ? शिवाय त्याच फ्रिजमध्ये कोकम सोड्याचा दुसरा केग लावता येईल का?

नळ आणि रेग्युलेटर सध्या आहे तिथे राहू द्या. बदलायची आहे ती नळी. आणि गॅस कमी करायचा नाही, वाढवायचा आहे. हे उलटं वाटेल, पण घरच्या सेटअपमधल्या फेसाच्या बहुतेक तक्रारी इथेच अडकतात. फेस दिसला की माणूस आधी रेग्युलेटरला हात घालतो, दाब उतरवतो, एक-दोन ग्लास बरे येतात आणि दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी कामं आपोआप लागतील. कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये विरघळून राहतो तो थंडाई आणि दाब या दोन गोष्टींच्या जोरावर. नेहमीच्या लागर किंवा एल बिअरमध्ये गॅस साधारण २.५ व्हॉल्यूम असतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस. तो आत धरून ठेवायला ठरावीक तापमानाला ठरावीक दाब लागतोच. त्यापेक्षा कमी दाब दिला तर गॅस बिअरमधून सुटायला लागतो, केगमध्येही आणि नळीत पडून असलेल्या बिअरमधूनही. नळ उघडला की आधी तोच सुटलेला गॅस फेस होऊन बाहेर येतो आणि मागून गॅस गेलेली बिअर येते. तुमच्या ग्लासात वर फेस आणि खाली मिळमिळीत बिअर दिसते ती याचमुळे. नुसता दाब जास्त असता तर खालची बिअर सपक लागली नसती.

आता क्रमाने. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि फेस गेला, तर कशाने गेला ते कळणार नाही, आणि पुढच्या केगला पुन्हा तोच घोळ.

सगळ्यात आधी तापमान मोजा. फ्रिजच्या हवेचं नव्हे, बिअरचं. एकदारी फ्रिजमध्ये वर चिलरपाशी शून्य आणि खाली भाजीच्या कप्प्यापाशी ७-८ अंश असा फरक सहज असतो. शिवाय कॉम्प्रेसर चालू-बंद होताना हवेचं तापमान चार-पाच अंशांनी हलतं. एक ग्लास काढून बाजूला ठेवा, लगेच दुसरा काढा आणि त्यात स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर बुडवून आकडा घ्या. हा आकडा ३ ते ४ अंश सेल्सिअस हवा. ६-७ च्या वर असेल तर बाकी काहीही करून फेस पूर्ण जाणार नाही.

फ्रिजच्या खटक्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा एसटीसी-१००० सारखा डिजिटल कंट्रोलर लावा. त्याच्या सेन्सरची तार केगच्या मधल्या उंचीवर चिकटपट्टीने लावा आणि वरून थर्माकोलचा तुकडा दाबून बांधा, म्हणजे तो हवेचं नाही तर केगचं तापमान वाचेल. ३ अंशांवर लावा, फरक १ अंश, आणि कॉम्प्रेसर पुन्हा चालू व्हायला ३ ते ५ मिनिटांचा उशीर ठेवा. वायरिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. केग चिलरला किंवा मागच्या थंड पत्र्याला टेकू देऊ नका. तिथे बिअर गोठायला लागते आणि बर्फाचे कण फेस पाडतात.

केग नवीन आणला की पूर्ण एक दिवस फ्रिजमध्ये न हलवता उभा ठेवा. २५ अंशांची १९ लिटर बिअर ४ अंशांवर यायला घरच्या फ्रिजला तेवढा वेळ लागतोच. गाडीतून हिंदकळत आलेला केग तर लगेच उघडूच नये. हे आणण्यावरून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याची बिअर किंवा चंदगडकडून महाराष्ट्रातली बिअर परवान्याशिवाय केगने आणणं हा अबकारी गुन्हा आहे, आणि घरी बिअर तयार करायलाही कर्नाटकात परवाना लागतो. घरात किती साठा ठेवता येतो याचीही मर्यादा आहे. केग घेण्यापूर्वी अबकारी कार्यालयात विचारून घ्या.

वळवाच्या पावसात वीज जाते त्याचाही हिशेब धरा. दार बंद ठेवलं तर दोन तासांत केग एखाद-दोन अंश चढेल, त्याने फार बिघडत नाही. आठ तास वीज नसेल तर मात्र पाच-सहा अंश चढतात. वीज आल्यावर फ्रिजची हवा तासाभरात गार होते, आतला थर्मामीटर ४ दाखवतो, आणि बिअर अजून ९ वर असते. ‘काल नीट येत होती, आज नुसता फेस’ या तक्रारीमागे उन्हाळ्यात बहुतेक वेळा हेच असतं. रात्रभर थांबा, काहीही बदलू नका.

तापमान ठरलं की दाब. पुस्तकांत आणि तक्त्यांत जे आकडे असतात ते समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच १.२ ते १.३ पीएसआयने (दर चौरस इंचाला पौंड) कमी. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो, म्हणून तक्त्यातल्या आकड्यात इथे सव्वा पीएसआय मिळवायचे. निपाणी-चिकोडीकडे थोडे कमी चालतील, फरक नगण्य आहे. २.५ व्हॉल्यूमसाठी बेळगावचे आकडे असे येतात:

२ अंशांना ११ पीएसआय, म्हणजे ०.८ किलो
४ अंशांना १३ पीएसआय, म्हणजे ०.९ किलो
६ अंशांना १५ पीएसआय, म्हणजे १.०५ किलो
८ अंशांना १७ पीएसआय, म्हणजे १.२ किलो
१० अंशांना १९ पीएसआय, म्हणजे १.३ किलो

किलो म्हणजे आपल्या वर्कशॉपमध्ये म्हणतात तोच, दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, १४.२ पीएसआय. यावरून तुमचा ०.३ किलो म्हणजे चार-सव्वाचार पीएसआय. एवढ्या दाबाला बिअर शून्य अंशावरसुद्धा आपला गॅस धरून ठेवू शकत नाही. गव्हाच्या बिअरमध्ये गॅस ३ व्हॉल्यूमच्या आसपास असतो, तिला ४ अंशांना १.३ किलो लागतात. ती नेहमीच्या दाबावर लावली की अशीच सतावते.

तुमच्या केगमधली बिअर आता गॅस घालवून बसली आहे. बिअर ४ अंशांवर आणा, दाब ०.९ किलोवर लावा आणि चार-पाच दिवस तसाच ठेवा. गॅस भरायची घाई करू नका. दोन किलोवर लावून केग हलवणं ही पद्धत चालते, पण कधी थांबायचं याचा अंदाज चुकला की गॅस जास्त भरतो आणि मग आठवडाभर फेस.

गेजबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल. ०.९ किलो दाखवणारा गेज खरंच ०.९ दाखवतोय का? बाजारात सहज मिळतो तो ० ते १० किलोचा गेज. त्याची अचूकता पूर्ण मापाच्या अडीच टक्के असली तरी चूक पाव किलोची होऊ शकते, म्हणजे साडेतीन पीएसआय. आपलं सगळं काम चालतं एक-दोन पीएसआयच्या फरकावर. म्हणून कमी दाबाच्या बाजूला ० ते २.५ किंवा ० ते ४ किलोचा गेज बसवून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत गेजची दुकानंही आहेत आणि तपासून देणारेही. एकदा चांगल्या गेजशी जोडून फरक बघा आणि तो कागदावर लिहून रेग्युलेटरला चिकटवा.

रेग्युलेटर कोणता आहे तेही पाहा. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडून येतं आणि त्याच्यासोबत बऱ्याचदा वेल्डिंगचाच रेग्युलेटर गळ्यात पडतो. त्याच्या दुसऱ्या डायलवर किंवा काचेच्या नळीत ‘लिटर प्रति मिनिट’ लिहिलेलं असेल तर तो केगला लावू नका. तो वाहत्या गॅसचं प्रमाण ठरवतो, बंद भांड्यातला दाब नाही. केगमध्ये गॅस वाहत नाही, साचतो; त्यामुळे दाब वाढत वाढत तीन-साडेतीन किलोपर्यंतही जाऊ शकतो. फेसाचं सोडा, हे धोक्याचं आहे. ऑक्सिजनचा किंवा एलपीजीचा रेग्युलेटर अडॅप्टर लावून बसवणं तर अजिबात नको, आणि हवेचा कॉम्प्रेसरही नको. हवेतल्या ऑक्सिजनने दोन दिवसांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. गॅस खाद्य दर्जाचा, आयएनएस २९० (खाद्य पदार्थांतल्या कार्बन डायऑक्साइडचा क्रमांक) असा मागून घ्या.

रेग्युलेटर बरोबर जातीचा असेल तरी रात्रीत दाब चढतो का ते तपासायचं. केगकडे जाणारा कॉक बंद करा, ०.९ वर लावा, सकाळी बघा. काटा सव्वा-दीड किलोवर गेला असेल तर आतल्या सीटवर (झडप बसते त्या जागेवर) कचरा आहे किंवा ती झिजली आहे. अशा रेग्युलेटरने केग रोज थोडा थोडा जास्त भरतो आणि फेस का वाढतोय ते कळत नाही. सिलिंडरच्या बाजूचा मोठा गेज मात्र गॅस किती उरला ते सांगत नाही. आत द्रव आहे तोवर तो तापमानाप्रमाणे ५०-६० किलोच्या आसपास स्थिर राहतो आणि द्रव संपला की झपकन पडतो. उरलेला गॅस वजनावर कळतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर ठोकलेलं असतं. सिलिंडर नेहमी उभं आणि साखळीने बांधलेलं ठेवा. आडवं केलं तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. खिडकी नसलेल्या छोट्या खोलीत सिलिंडर ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो आणि वास नसल्याने समजत नाही.

आता नळी. तुमच्या सेटअपचा खरा गुन्हेगार हाच.

केगमध्ये १३ पीएसआय दाब आहे आणि ग्लासात शून्य. हे १३ पीएसआय वाटेत कुठेतरी हळूहळू खर्च व्हायला हवेत, नाहीतर बिअर नळातून फवाऱ्यासारखी सुटते आणि आपटून फेस होते. हा दाब खर्च करायचं काम नळीच्या आतल्या घर्षणाचं. केगच्या मध्यापासून नळ जेवढा उंच, तेवढा थोडा दाब तिथेही जातो, फुटाला साधारण अर्धा पीएसआय. तुमचा नळ दारात आहे, म्हणजे फार तर एक पीएसआय गेला. उरलेले १२ नळीनेच खायचे.

नळीचा व्यास किंचित बदलला तरी घर्षण प्रचंड बदलतं. ते जवळजवळ व्यासाच्या पावणेपाचव्या घाताने हलतं. सेकंदाला ४५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटर ११ सेकंदांत, असा सुखाचा वेग धरला तर १२ पीएसआय खर्च करायला आतून ४ मिलिमीटरची नळी दीड मीटर पुरते. ४.८ मिलिमीटरची साडेतीन मीटर लागते. आणि ६ मिलिमीटरची नळी दहा मीटरहून जास्त! तुमच्याकडे दीड मीटर आहे. दाब खर्च होतच नाही, म्हणून अर्धा लिटर तीन-चार सेकंदांत भसकन येतो, आणि तो वेग आवरायला तुम्ही दाब उतरवला. वेग दाबाने आवरायचा नसतो, नळीने आवरायचा.

४.८ मिलिमीटरची बिअरची खास नळी मिळाली तर साडेतीन ते चार मीटर घ्या. ती इथे मिळणं कठीण. सहज मिळते ती पाण्याच्या आरओ फिल्टरला लागणारी पाव इंची नळी. बाहेरून ६.३५ आणि आतून साधारण ४.३ मिलिमीटर, खाद्य दर्जाची, आणि एवढ्या दाबाला सहज टिकणारी. ती अडीच मीटर घ्या. पांढरी अपारदर्शक नको, आतलं दिसेल अशी मागा. डिस्कनेक्टला (केगवर दाबून बसवायच्या जोडाला) फ्लेअरचे आटे असतील तर पाव इंची पुश-फिट, म्हणजे नळी नुसती दाबून बसवायचा अडॅप्टर लागेल, नळाच्या शँकलाही (दारातून आरपार जाणाऱ्या दांड्याला) तसाच. नळीचं टोक ब्लेडने अगदी सरळ, काटकोनात कापा. तिरकं कापलेलं टोक पुश-फिटमध्ये नीट बसत नाही आणि तिथूनच गळती होते. न्यूमॅटिकच्या दुकानातली निळी पीयू (पॉलियुरेथेन) नळी दिसायला तशीच असते, मापातही बसते, पण ती खाण्यापिण्यासाठी बनवलेली नसते. ती वापरू नका.

उरलेली नळी केगवर सपाट गुंडाळी करून ठेवा. वर-खाली लाटा नकोत. उंचवट्यावर गॅस अडकतो. मग मापाचं भांडं आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. अर्धा लिटर १० ते १२ सेकंदांत आला पाहिजे. सातच्या आत आला तर नळी कमी पडतेय. पंधराच्या पुढे गेला तर १५-१५ सेंटिमीटर कापत या. म्हणूनच सुरुवातीला लांबच ठेवायची; कापता येते, जोडता येत नाही.

एवढं करून बहुतेकांचा फेस जातो. नाही गेला तर टॉर्च घेऊन फ्रिज उघडा आणि कोणाला तरी नळ उघडायला सांगून नळीत नीट बघत राहा. बुडबुडे कुठे जन्मतात, हे एवढं एकच निरीक्षण तासाभराचा तर्क वाचवतं.

केगच्या डिस्कनेक्टपासूनच बारीक बुडबुड्यांची माळ निघत असेल तर गळती आहे. केगच्या आत तळापर्यंत जाणाऱ्या लांब नळीच्या वरच्या टोकाला एक छोटी ओ-रिंग असते. ती चिरली किंवा दबून चपटी झाली की केगच्या वरच्या भागातला गॅस तिथून बिअरच्या वाटेत घुसतो. बाहेर काहीच गळत नाही, साबणाच्या पाण्यात काही दिसत नाही, दाब बरोबर, तापमान बरोबर, आणि तरी फेस. या एका रिंगने लोकांना नळ, रेग्युलेटर, केग सगळं बदलायला लावलेलं आहे. गॅस बंद करा, झाकणावरची रिंग ओढून केगमधला दाब पूर्ण सोडा, मग पान्याने लिक्विडचा पोस्ट (बिअर बाहेर येते ते केगवरचं तोंड) खोला आणि रिंग बदला. खाद्य दर्जाची सिलिकॉन किंवा ईपीडीएम रबराची रिंग घ्या, तिला खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस बोटाने अगदी पातळ लावा. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं आणि फेसही मरतो. पोस्ट खोललाच आहे तर लांब नळीच्या तोंडाशी गाळ किंवा हॉप्सचा चोथा बसलाय का तेही बघून घ्या. तो असेल तर नळ अधूनमधून थुंकल्यासारखा करतो.

बुडबुडे केगपाशी नाहीत, पण नळ बंद असताना नळीच्या उंच भागात गॅसचे पट्टे साचलेले दिसतात? मग गॅस सुटतोय: नळी केगपेक्षा गरम आहे किंवा दाब कमी पडतोय. पहिला ग्लास फेसाळ आणि लगेचचा दुसरा चांगला, हे याचंच लक्षण. दारातला नळ आणि शँक बाहेरच्या हवेत असतात. एप्रिलमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे गेला की धातूचा नळ कोमट होतो आणि पहिली बिअर त्याला लागून उकळल्यासारखी फसफसते. शँकचा आतला भाग जास्तीत जास्त फ्रिजमध्ये राहील असा बसवा आणि १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा पंखा आत लावून थंड हवा शँकच्या बाजूला खेळती ठेवा. फ्रिजच्या वर टॉवर (नळ बसवलेला उभा खांब) असेल त्यांनी त्या पंख्याची हवा नळीने टॉवरच्या आत सोडावी आणि टॉवरमधल्या बिअरच्या नळीवर, एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात ती काळी फोमची नळी चढवावी. एसी दुरुस्तीवाल्याकडे तिचे तुकडे मिळतात. खूप दिवसांनी पहिला ग्लास काढताना पहिले ५०-६० मिलिलिटर वेगळ्या पेल्यात घ्या. एवढं कोणत्याही घरच्या सेटअपमध्ये चालायचंच.

आणि नळी नळापर्यंत स्वच्छ, एकही बुडबुडा नाही, तरी ग्लासात फेस? मग दोष नळात, ग्लासात किंवा हातात. नळ एकदम पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडला की फटीतून बिअर फाटून येते. वेग कमी करायला नळ अर्धा धरणं हा फेस करायचा खात्रीचा उपाय आहे. ग्लास ४५ अंशांत तिरका, नळाचं तोंड बिअरमध्ये न बुडवता, पाऊण भरला की सरळ. वर दोन बोटं फेस हवाच, तो दोष नाही. बर्फात ठेवलेला ग्लास घेऊ नका. त्याच्या आतल्या हिमकणांवर गॅस सुटतो. बोअरच्या जड पाण्याने ग्लासाला आतून पांढरट थर बसतो, त्यावर बुडबुडे चिकटून राहतात. तसे दिसले तर ग्लास लिंबाच्या फोडीने किंवा पातळ व्हिनेगरने घासून चांगल्या पाण्याने धुवा आणि पालथा वाळवा, कापडाने पुसू नका.

नळ खोलून बघा. आतल्या सरकत्या भागावर वाळलेल्या बिअरचा तपकिरी, चिकट थर असतो. पावसाळ्यात त्यावर चिलटं येतात, मुंग्या तर बाराही महिने. हा थर खरबरीत असतो आणि प्रत्येक खरबरीत जागी गॅस सुटतो. नळ दर आठवड्याला कोमट पाण्याने धुवा, वापर नसताना तोंडाला छोटं बूच लावा.

नळी दर दोन आठवड्यांनी साफ करायची, फेस येवो न येवो. बिअर लाइन क्लीनर मिळाला तर तोच घ्या आणि डबीवरचं प्रमाण पाळा. कॉस्टिक सोड्याचं द्रावण करायचं तर २ टक्के, म्हणजे लिटरला २० ग्रॅम. पाणी कोमट, ३० ते ४० अंश, उकळतं नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांना गॉगल, मुलं स्वयंपाकघराबाहेर. अॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नका. द्रावण नळीतून १५ मिनिटं फिरवा. पंप नसेल तर रिकाम्या केगमध्ये घालून गॅसने नळीत भरा आणि २० मिनिटं राहू द्या. गॅसने ढकलायचं तर द्रावण फार वेळ केगमध्ये ठेवू नका: कार्बन डायऑक्साइड कॉस्टिकला मारतो, आणि बंद केगमधला गॅस शोषून घेतल्याने आत पोकळी होते. नंतर साधं पाणी, लिटमस कागद बदलेनासा होईपर्यंत. तीन महिन्यांनी एकदा फॉस्फोरिक अॅसिडवाला क्लीनर फिरवा, त्याने बिअरचा दगडी थर निघतो. अॅसिड आणि कॉस्टिक कधीही एकत्र येऊ देऊ नका, आणि ब्लीचिंगशी तर अॅसिड मुळीच नाही.

एक शक्यता उरते: केगमध्येच गॅस जास्त भरला गेला असेल. सिलिंडरकडून येणारी गॅसची नळी केगपासून काढा, केग ३-४ अंशांवर एक दिवस न हलवता ठेवा आणि गॅसच्या पोस्टला गेज जोडा. वरच्या आकड्यांपेक्षा तो बराच वर दाखवत असेल तर झाकणाची रिंग ओढून दाब सोडा, बंद करा, सहा-आठ तासांनी पुन्हा सोडा. असं एक-दोन दिवस करून गेज जागेवर आला की मग सिलिंडर जोडा. एका झटक्यात सगळा गॅस सोडायला गेलात तर झाकणातून फेस उसळून येईल.

आता कोकम सोडा. लावता येईल, पण त्याच रेग्युलेटरवर फाटा मारून नाही. सोड्याला साडेतीन ते चार व्हॉल्यूम गॅस लागतो, म्हणजे ४ अंशांना इथे पावणेदोन ते दोन किलो. बिअर ०.९ वर. दोन वेगळे दाब म्हणजे दोन रेग्युलेटर, किंवा एका सिलिंडरवर दुय्यम रेग्युलेटर. आरओचीच नळी पाच मीटर घ्या. कोकमाचा रंग आणि वास नळीत मुरतो, ती नळी परत बिअरला वापरायची नाही. नळ स्टेनलेस स्टीलचा हवा. पितळेवर क्रोम चढवलेला नळ कोकमाच्या आंबटाने आतून खाल्ला जातो. बिनमिठाचं आगळ दोनदा मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या, कारण गराच्या प्रत्येक कणावर गॅस सुटतो. मीठ-जिरं केगमध्ये घालू नका. मीठ आणि आंबट मिळून स्टीललाही डाग पाडतात. मीठ वरून टाकलं तर ग्लास उतू जातो, म्हणून ते आधी ग्लासाच्या तळाशी चमचाभर आगळात विरघळवा आणि मग त्यावर सोडा सोडा.